बुडणाऱ्या कडेची ओढ

१२ ऑगस्ट २०२५, बारामती

वस्तुस्थिती प्रथम क्रमाने नोंदवते, म्हणजे पुढे कुणी तिच्यात सोयीस्कर बदल करणार नाही, मीसुद्धा नाही.

एक. इंदापूर येथील एक शिक्षणसंस्था शालेय विद्यार्थ्यांसाठी भूविज्ञान दालन उभारत आहे. दोन. दालनातील सर्व मजकूर लिहिण्याची आणि तिथल्या प्रत्येक वस्तूची शास्त्रीय अचूकता तपासण्याची जबाबदारी संस्थेने माझ्यावर सोपवली आहे. तीन. दालनाच्या मध्यभागी भूपट्टांची हालचाल दाखवणारी एक चालती प्रतिकृती असेल. चार. ती घडवण्याचे काम साखर कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर श्री. सिद्धू मारकड, राहणार लासुर्णे, यांना देण्यात आले आहे. पाच. सिद्धू मारकड हा माझा सख्खा थोरला भाऊ. सहा. मी त्याची शिफारस केलेली नाही.

सहावा मुद्दा मी संस्थेचे सचिव इंद्रजितराव यांना आज दोनदा ऐकवला. ते हसले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही कुठली शिफारस करताय? त्यांनीच तुमची केली."

विनोद असावा. सचिवांना विनोदाची खोड दिसते. मी त्यांना स्पष्ट सांगितले की प्रतिकृती कुणी केली हे मी पाहणार नाही. कशी केली एवढेच पाहीन.

निघताना त्यांनी चाचरत विचारले, की निमंत्रणपत्रिकेवर 'डॉ. एन. मारकड' असे छापले तर? शुभकार्यात 'नकोशी' जरा कसेसे दिसते. मी म्हणाले, तीन मुलींनंतर चौथी झाली म्हणून वडिलांनी हे नाव ठेवले. त्यातल्या तिघी लहानपणीच गेल्या, चौथी राहिली आणि भूविज्ञानाची डॉक्टर झाली. तिन्ही पदव्यांवर हेच नाव आहे. पत्रिकेवरही हेच येईल.

२४ ऑगस्ट

लासुर्ण्याला जाऊन आले. दादाच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिला तो वर्कशॉप म्हणतो.

प्रतिकृती पाहिली. कारखान्याच्या भंगारात निघालेल्या गव्हाणीचा एक तुकडा त्याने आणला आहे. (गव्हाण म्हणजे ऊस आत वाहून नेणारा सरकता लोखंडी पट्टा. इथल्या शेंबड्या पोरालाही ही व्याख्या लागत नाही. मला ती लिहिल्यावाचून चैन पडत नाही.) पट्ट्याखाली मोटर. रंगवलेल्या दोन फळ्या: एक पट्ट्यावर, दुसरी पट्ट्याच्या टोकाशी घट्ट बसवलेली. पहिलीवर पिवळा भारत, दुसरीवर आशिया. काठियावाड निम्मा गाळला आहे.

दादाने खटका दाबला. गव्हाण कण्हत सुटली, भारत डुलत डुलत पुढे गेला आणि समोरच्या फळीवर आपटला.

"बघ नकू," तो म्हणाला. "खाली आग. आगीच्या जोरावर गव्हाण फिरती, न् गव्हाणीवर बसून आपला देश चाललाय. उसाच्या मोळीवानी."

"चूक आहे."

"साखळी?"

"कल्पना."

त्याने मोटर बंद केली. मी समजावले की भूपट्ट असा कशावर बसून प्रवास करत नाही. कवचाखालच्या प्रावरणातले उष्णतेचे अभिसरण प्रवाह त्याला वाहून नेतात असे शाळेत सांगतात. ते अर्धसत्य आहे. समुद्रतळ जसजसा जुना होतो तसतसा तो थंड होतो, जड होतो, आणि एका कडेला खाली प्रावरणात बुडू लागतो. ती बुडणारी कड आपल्यामागून उरलेल्या सगळ्या पट्टाला ओढते. इतरही बळे आहेत, पण मुख्य बळ ही ओढ.

"म्हंजी मोटरच न्हाय?"

"नाही."

"मंग नुसतं वजन?"

"वजन."

तो हात पुसत पट्ट्याकडे पाहत राहिला. "म्हंजी वढतो बुडणारा. आन् दिसतो वरचा."

"दिसण्याचा इथे प्रश्नच नाही," मी म्हणाले. "आणि काठियावाड दुरुस्त कर."

वेल्डिंग मात्र स्वच्छ आहे. एकही थेंब ओघळलेला नाही. हे मी त्याला सांगितले नाही, कारण माझ्याकडे शास्त्रीय तपासणीचे काम आहे, वेल्डिंगच्या तपासणीचे नाही.

२ सप्टेंबर

इतिहासाच्या फलकांचा मजकूर पूर्ण केला. चार वेळा लिहिला. पाचव्यांदा बरा वाटला.

वेगेनर हा खरे तर हवामानाचा अभ्यासक. १९१२ साली त्याने सांगितले की खंड एकेकाळी जोडलेले होते आणि सरकत दूर गेले. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतात. दोन्हीकडे एकाच जातीच्या प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. इकडे तुटलेली खडकांची रांग तिकडे पुन्हा सुरू होते. भूशास्त्रज्ञांनी त्याला एकच प्रश्न विचारला: सरकवतो कोण? त्याने उत्तर दिले, पृथ्वीच्या फिरण्याचा जोर आणि चंद्रसूर्यांची ओढ. गणित मांडल्यावर ती बळे हास्यास्पद रीतीने अपुरी ठरली. कारण पटले नाही म्हणून त्यांनी घटनाच नाकारली. १९३० साली, नुकतीच पन्नाशी गाठलेला वेगेनर ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला. त्याच सुमारास होम्स हा इंग्रज भूशास्त्रज्ञ सांगत होता की पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने प्रावरण संथपणे ढवळले जात असावे. ऐकणारे थोडे होते.

दादाला मी हे त्या दिवशी शेडमध्ये सांगितले तेव्हा तो म्हणाला, "लोकांचं बी काय चुकलं? गाडी चालती म्हन्तोस तर विंजन दाव, असंच म्हननार मान्सं." मग जरा थांबून, "पर विंजन दिसंना म्हनून चालत्या गाडीला थांबलीया म्हनायचं, ह्ये जरा जास्तच झालं." फलकासाठी भाषा अयोग्य आहे. आशय बरोबर आहे.

माझा सर्वांत आवडता परिच्छेद मेरी थार्पचा. १९५०च्या आसपास समुद्रतळाची खोली मोजणारी जहाजे फिरत होती. बाईला जहाजावर जागा नव्हती. ती किनाऱ्यावरच्या खोलीत बसून, इतरांनी आणलेल्या मोजमापांवरून तळाचा नकाशा काढी. अटलांटिकच्या मधोमध धावणाऱ्या पर्वतरांगेच्या माथ्यावर तिला एक सलग दरी दिसली: जमीन दुभंगत असल्याची खूण. तिच्या सहकाऱ्याने ती 'बायकी बडबड' म्हणून उडवून लावली. पुढे भूकंपांची ठिकाणे नकाशावर मांडली, तर ती नेमकी त्या दरीतून गेली. मग भूशास्त्रज्ञ हेसने सांगितले की नवा समुद्रतळ तिथेच जन्मतो. तळाच्या खडकांतल्या चुंबकीय पट्ट्यांनी त्याला साक्ष दिली. आणि साठचे दशक संपता संपता भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला. कोण ओढते, हे त्याही नंतर उमगले. ज्या पट्टांच्या कडा लांबवर बुडत आहेत ते वेगाने चालतात, ज्यांच्या बुडत नाहीत ते रेंगाळतात.

थार्पचा परिच्छेद लिहिताना हात थांबला नाही. दुसरे कुणी समुद्रावर गेल्यावाचून तो नकाशा निघाला नसता, हे मान्य. पण पाहिले तिने.

इंद्रजितरावांचा फोन आला. "मॅडम, थार्पबाईंचं तेवढं गाळूया का? जागा नाही."

"हेच तिलाही सांगितले होते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

९ सप्टेंबर

आज निर्णय घेतला.

इंद्रजितराव म्हणत होते, "चालतंय की मॅडम. पोरं येणार, गव्हाण फिरताना बघणार, खूश होऊन घरी जाणार. आन् परीक्षेत अभिसरण प्रवाह लिहिलं तरच मार्क मिळतात. तुमची ती बुडणारी कड लिहिली तर पोरगंच बुडायचं."

मी लेखी अहवाल दिला: "सदर प्रतिकृतीत भूपट्ट हे खालील सरकत्या पट्ट्यावर वाहून नेले जातात असे दर्शविले आहे. ही मांडणी शास्त्रीयदृष्ट्या अग्राह्य आहे. प्रतिकृती दालनात ठेवता येणार नाही." एक प्रत संस्थेला, एक प्रत कारागिरास. रजिस्टर पोस्ट आता बंद झाले, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवली. दुसऱ्या कुणा कारागिरालाही मी तशीच पाठवली असती.

अहवाल निर्दोष आहे. तरीही संध्याकाळी पुन्हा काढून वाचला. एकही शब्द बदलण्याजोगा सापडला नाही.

१८ सप्टेंबर

गोजरवहिनी, दादाची पत्नी, न कळवता आली. सोबत पिशवीत बाजरीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि एक नवी कोरी काळी घोंगडी. "थंडी यील आता. तुमी कुठं आनताय!"

चहा अर्धा प्यायल्यावर तिने मुद्द्याला हात घातला. "वन्सं, पोस्टमन सही घ्यायला लागला तवा आमाला वाटलं कोर्टाची नोटीस. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हनलं, काय लिवलंय? म्हनले, अग्राह्य. म्हनलं, म्हंजी? म्हनले, म्हंजी चांगलं न्हाय. मंग चांगलं न्हाय, असं तोंडानं सांगायला येष्टी बंद पडली व्हती का?"

"लेखी असले की गैरसमज होत नाही, वहिनी. दादा काय म्हणाला?"

"काय म्हननार? 'बरोबर हाय तिचं' म्हनले. न् शेडला कुलूप घातलं. तवापास्नं त्या अंगाला फिरकले न्हाईत. सारा दिस वसरीला बसून असत्यात. रिटायर झाले तवा बी असं बसले न्हवते."

चूक मान्य केली हे उचितच झाले, असे मी म्हणाले. वहिनीने कप खाली ठेवला.

"तुमाला येक सांगू? सासूबाई सांगायच्या. दिवाळी झाली की आपला धनगराचा वाडा मेंढरं घिऊन कोकनात उतरायचा. घरात तुमी दोगंच. येक जन मेंढरामागं पायजेच. मामंजी म्हनले, पोरीला न्यावं, पोरगं शिकंल. तर आठवीतले ह्येच पुढं झाले. म्हनले, मला न्हाय आवडत शाळा."

"त्याला खरोखरच आवडत नसे. घरात सर्वांना ठाऊक होते."

"व्हय का? मंग भूगोलाचं पुस्तक घोंगडीत गुंडाळून कोकनात कशाला न्यायचं? मी लगीन हून आले तवा बी व्हतं ते. नकाशाची पानं तेवढी हात लागून लागून कापडावानी मऊ झालती."

ही माहिती प्रस्तुत वादाशी संबंधित नाही. तरी नोंदवून ठेवते.

एसटी स्टँडवर सोडायला गेले. गाडीत चढताना वहिनी म्हणाली, "चटनी तिकाट हाय, दह्यासंगं खावा." एवढेच.

२१ सप्टेंबर

नव्या घोंगडीला लोकरीचा आणि कसल्याशा खळीचा उग्र वास होता. सकाळी ती पावडरच्या पाण्यात भिजवून धुतली. पिळणे एकट्या माणसाचे काम नाही. तशीच उचलून गच्चीच्या कठड्यावर टाकली: बराचसा भाग कठड्याच्या रुंद, गुळगुळीत माथ्यावर, एक काठ बाहेरच्या बाजूला लोंबता.

पाणी निथळत त्या लोंबत्या काठाकडे जाऊ लागले. काठ जड झाला. काही वेळ काहीच घडले नाही. मग घोंगडी बोटभर सरकली. थांबली. पुन्हा सरकली. आता लोंबता भाग वाढला, म्हणून ओढ वाढली, म्हणून आणखी सरकली. मी दोन पावलांवर उभी होते. हात पुढे करता आला असता, केला नाही. कठड्यावरचा सगळा भाग, ज्याच्यावर कुणाचाही हात नव्हता, ज्याला खालून कुणी वाहून नेत नव्हते, तो मुकाट्याने त्या काठामागे गेला आणि घोंगडी खालच्या बिऱ्हाडाच्या स्कूटरवर जाऊन पडली.

मी पळतच खाली उतरले, पण घोंगडी उचलण्याआधी फोन लावला.

"दादा, गव्हाण टाकून दिलीस का?"

"न्हाय अजून. भंगारवाला येनार हाय."

"देऊ नकोस. मोटर दे त्याला. गव्हाण ठेव. तिचे एक टोक चौथऱ्याच्या कडेवरून खाली सोड. खाली खड्डा ठेव. लोंबता भाग जड असला की वरचा आपोआप येईल. भारत फळीवर नको, गव्हाणीवरच रंगव. पट्ट्यावर बसलेला नाही. पट्टा तोच आहे."

तिकडून दादा म्हणाला, "नकू, ह्ये कुठं सुचलं?"

"घोंगडी वाळत घालताना."

"वाळत? भिजली कशानं?"

"धुतली."

"घोंगडी धुतली?"

"वास येत होता."

तो हसू लागला. इतका हसला की ठसका लागला. मग आत ओरडला, "अगं ये! आपल्या नकूनं नवी घोंगडी धुतली!" लांबून वहिनीचा आवाज आला, "आवं, चिंचोक्याची खळ गेली की समदी! धनगराची लेक न्हवं का ती!"

मी फोन ठेवणार होते. तेवढ्यात पलीकडे पत्र्याचे दार ओढल्याचा आवाज झाला, म्हणून ठेवला नाही.

५ ऑक्टोबर

लासुर्णे. पहिली चाचणी फसली. दादाने अडसर काढताच लोंबती साखळी धाडकन खड्ड्यात गेली आणि तिच्यामागून आख्खा समुद्रतळ, भारतासकट. शेजारची कोंबडी अजून परतलेली नाही.

"लईच वढ हाय तुझ्या कडेला," दादा म्हणाला.

मी सांगितले की पृथ्वीत कड मोकळ्या हवेत पडत नाही. घट्ट, चिवट प्रावरणातून वाट काढत उतरते, म्हणून वेग मुंगीहूनही कमी. खाली काहीतरी दाट हवे. तेल पातळ पडेल.

"काकवी," दादा आणि मी एकाच वेळी म्हणालो.

वहिनीने तोंडाला पदर लावला. "खायाची काकवी लोखंडाला पाजनार व्हय? धन्य हाय दोघांची." पण गुऱ्हाळावरून करपलेल्या काकवीचा पिंप तिनेच सांगून मागवला.

दुपारी साखळी काकवीत उतरली. आवाज नाही. लोखंड त्या दाट काळ्या रसात कणाकणाने बुडत गेले, आणि वर, कुणीही न ढकलता, काठियावाडासह सगळा भारत हलला. (काठियावाड आता अचूक आहे.) मी त्याला म्हणाले की वेल्डिंग पहिल्यापासूनच चांगले होते.

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

मग त्याने एक प्रश्न विचारला. "आपल्या देशाची कड अजून बुडतीया का?"

मी सांगितले. एके काळी भारताच्या उत्तरेला समुद्रतळ होता. तो बुडत होता, आणि भारत वर्षाला पंधरा-अठरा सेंटिमीटर धावत होता, जो भूपट्टासाठी उधळलेला वेग म्हणावा. आपल्या पायाखालचा हा काळा दगड त्याच वाटेत लाव्हा होऊन वर आला. मग आशिया आडवा आला. टक्कर झाली. बुडालेली कड तुटून खोल गेली असावी.

"तुटली? मंग आता थांबाय पायजे."

"थांबला नाही. अजून वर्षाला पाचेक सेंटिमीटर जातो."

"कशानं?"

"काही म्हणतात, पूर्वेला सुमात्राकडे एक कड अजून ओढते. काही म्हणतात, मागची उंच सागरी रांग ढकलते. काही म्हणतात, तुटून खोल गेलेली कड खाली जाता जाता भोवतालच्या सगळ्यालाच आपल्याकडे ओढत राहते."

"तुला काय वाटतं?"

मी उत्तर जुळवत होते. जुळले नाही. "नक्की माहीत नाही," मी म्हणाले.

"गोजरे, बाहीर ये!" तो शेडच्या दारात जाऊन ओरडला. "नकूला ठावं न्हाय! आजची तारीख भितीवर लिव!"

तो इतका आनंदात होता, की मला वाटले आता विचारावे. विचारले: दादा, शाळा तुला खरोखर आवडत नव्हती का?

त्याने पिंपात काठी घातली, ढवळली, उचलून धार पाहिली. "काकवी जरा पातळ झालीया, न्हाय?" म्हणाला.

१६ नोव्हेंबर, इंदापूर

उद्घाटन झाले. घडले ते क्रमाने लिहिण्याचा प्रयत्न करते, पण आज क्रम हाताला लागत नाही.

संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब आले. पांढरी टोपी, मागे माणसांची रांग. त्यांनी प्रतिकृतीभोवती एक फेरी मारली, थांबले आणि म्हणाले, "ही तर गव्हाण!" चेहऱ्यावर ओळखीचा आनंद पसरला. "मग मोळी कुठाय?"

दर हंगामाला गव्हाणीत उसाची मोळी टाकल्यावाचून कारखाना सुरू होत नाही. पण हा कारखाना नाही, हे सांगायला मी माइकपर्यंत पोहोचेतो कुणीतरी मोळी पुढे केलीही होती. हळदकुंकू लावलेली, रिबिनीने बांधलेली. म्हणजे कुणीतरी ती आधीच आणून ठेवली होती! या तालुक्यात गव्हाण दिसली की मोळी आपोआप उगवते.

"नको!" मी माइकमध्ये म्हणाले. सभागृहभर घुमले.

मोळी भारतावर पडली होती. दादा चौथऱ्याखाली अडसरापाशी बसला होता. त्याला वरचे काहीच दिसत नव्हते. टाळ्या ऐकून त्याने अडसर काढला.

साखळी काकवीत उतरू लागली. भारत निघाला, डोक्यावर मोळी घेऊन. कडेपाशी लोखंडी पट्टा वाकून खाली गेला. मोळी गेली नाही. ती कडेवर बसवलेल्या आशियाच्या फळीला अडली. मागून पट्टा येतच होता. ऊस एकमेकांवर चढू लागले, रिबीन तटकन तुटली, ढीग उंचावला आणि एक ऊस थेट उभा राहिला.

मग मागे कुणीतरी हसले, आणि सभागृह हसू लागले. इंद्रजितराव मोळी उचलायला धावले.

"हात लावू नका!" मी म्हणाले. "पाहा. खंडांचा खडक हलका असतो; समुद्रतळासारखा तो बुडत नाही. समुद्रतळ आत गेला, खंड वर राहिला. समोर आशिया, आणि ओढ थांबत नाही. मग जायचे कुठे? वर. तुमच्यासमोर जो ढीग उभा आहे, तो हिमालय आहे."

हसणे थांबले. पुढच्या रांगेतल्या मुली उभ्या राहून पाहू लागल्या.

दादासाहेब खूश झाले. "म्हणजे हिमालय आम्ही केला म्हणा की!"

चौथऱ्याखालून दादाचा आवाज आला, "दादासाहेब, आनखी येक मोळी टाकू नका, न्हायतर तिबेट व्हईल!"

इतके हसू मी कुठल्याही शास्त्रीय व्याख्यानाला ऐकलेले नाही. सत्कार माझा झाला. शाल, श्रीफळ. मी खाली वाकून पाहिले तेव्हा दादा फडक्याने काकवीचे हात पुसत होता. त्याने मला हातानेच खूण केली: वर बघ, फोटो काढतायत.

१९ नोव्हेंबर

आज दालनात एकटीने जाऊन सर्व मजकूर पुन्हा तपासला. थार्पच्या फलकावर एक अनुस्वार निसटला आहे. प्रतिकृतीजवळ पितळी पाटी: "संकल्पना व मार्गदर्शन: डॉ. नकोशी मारकड." त्याखाली काही नाही.

मी इंद्रजितरावांच्या खोलीत गेले आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यांनी मला बोलू दिले. मग म्हणाले, "मॅडम, नाव घातलं होतं. सिद्धूतात्या स्वतः आले न् काढायला लावलं. म्हणाले, एका घरातली दोन नावं शेजारी दिसली की लोक म्हणतील, बहिणीनं भावाला काम दिलं. तिला बट्टा नको."

मी समोरच्या खुर्चीवर बसले.

"आणि शिफारशीचं मी पहिल्या दिवशी बोललो, ते तुम्ही हसण्यावारी नेलं. आम्ही दालनासाठी माणूस शोधतोय असं कळल्यावर तात्या तीन खेपा आले होते. गव्हाणीचं डोक्यात यायच्या आधी. म्हणाले, भूगोल माझ्या बहिणीला विचारा, तिच्याएवढं कुणाला ठावं न्हाय."

घरी आले. घोंगडी अंगावर घेतली. खळ गेल्यामुळे ती फार मऊ झाली आहे.

खालील पत्र उद्या सकाळी स्पीड पोस्टाने जाईल. त्याची नक्कल:

"श्री. सिद्धू मारकड, लासुर्णे, यांस.

विषय: प्रतिकृतीच्या पाटीवरील शास्त्रीय चूक.

दादा,

प्रतिकृती जे दाखवते आणि पाटी जे सांगते त्यांत विसंगती आहे. प्रतिकृती दाखवते की जे खाली उतरून दिसेनासे होते, तेच वरच्याला ओढून नेते. पाटीवर मात्र फक्त वरचे नाव आहे. ही मांडणी शास्त्रीयदृष्ट्या अग्राह्य आहे. अचूकतेची जबाबदारी माझ्यावर असल्याने मी पाटी उतरवून घेतली आहे. नवीन पाटीवर दोन नावे येतील आणि तुझे आधी येईल. ते कसे लिहायचे ते कळव. लोक काय म्हणतील ते मी पाहून घेईन. लोकांना उत्तरे देण्याचा मला सराव आहे.

दुसरे. इयत्ता आठवीत असताना तुला शाळा आवडत होती की नव्हती? या प्रश्नाचे तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही, कारण तोंडी विचारले की तू काकवीवर येतोस.

तिसरे. भूगोलाचे ते पुस्तक अजून असल्यास सोबत जोडावे. मला नकाशाची पाने पाहायची आहेत.

पोस्टमनच्या कागदावर केलेली सही म्हणजे उत्तर नव्हे. वहिनीकरवी निरोप पाठवू नये, फोन करू नये. तुझ्या स्वतःच्या अक्षरात, लेखी उत्तर द्यावे.

नकू"